विधानसभा दाराशी, सत्ता दूर

राजधानी हातची गेली म्हणजे काय होते, हे नागपूरला कोणी सांगावे लागत नाही. १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातून एका अधिवेशनाचे आश्वासन मिळाले आणि रामदासपेठेतील बैठकांतून त्याचा हिशेब दर हिवाळ्यात मांडला जातो. परंतु विधानसभा बाराही महिने दाराशी असून सत्ता दूर राहू शकते, याचा अनुभव गोमंतकाने चोवीस वर्षे घेतला.

१९५५ साली जगन्नाथराव जोशींसारख्या सत्याग्रहींनी ज्या भूमीसाठी पोर्तुगीज तुरुंग पत्करला, ती १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाली. १९६३ च्या केंद्रशासित प्रदेश कायद्याने गोवा, दमण व दीवला तीस निर्वाचित सदस्यांची विधानसभा मिळाली आणि दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. कूळकायदा झाला, खेडोपाडी मराठी शाळा निघाल्या. मात्र मेख कायद्यातच होती. मुख्यमंत्र्याची नेमणूक राष्ट्रपतींनी करायची. मंत्रिमंडळाने नायब राज्यपालास सल्ला द्यायचा. मतभेद झाला की प्रकरण राष्ट्रपतींकडे, म्हणजे व्यवहारात केंद्राच्या गृहखात्याकडे, आणि तोवर तातडीच्या बाबतीत नायब राज्यपालाने स्वमताने वागायचे. जनतेसमोर उत्तर द्यायचे एकाने, शेवटचा शब्द दुसऱ्याचा!

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. महाराष्ट्राला तो निकाल बोचला, तो अजूनही अनेकांना बोचतो. पण त्या मतपत्रिकेवर स्वतंत्र राज्य हा तिसरा पर्यायच नव्हता, याकडे तेव्हा फारसे कोणी पाहिले नाही. ज्यांना आपले वेगळेपण राखायचे होते, त्यांना दिल्लीची ताबेदारीही पत्करावी लागली. राज्याचा दर्जा मिळायला ३० मे १९८७ उजाडला. त्याच दिवशी दमण व दीवच्या मतदारांनी गोव्याच्या विधानसभेतील आपला एकेक आमदार गमावला. त्यांच्या वाट्याला पुढे विधानसभाच आली नाही.

गोव्याची ती अडचण दिल्लीत अधिक उग्र झाली. १९९१ च्या ६९ व्या घटनादुरुस्तीने तेथे विधानसभा आली. पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था व जमीन केंद्राकडे राहिली. राष्ट्राच्या राजधानीत ते योग्यच होते. परंतु उरलेल्या खात्यांतील अधिकारी कोणाचे ऐकणार? सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी कौल निर्वाचित सरकारच्या बाजूने दिला. त्याच वर्षी संसदेने कायदा करून नियुक्त्या-बदल्यांसाठी मुख्यमंत्री, मुख्य सचिव आणि गृहखात्याचे प्रधान सचिव यांचे प्राधिकरण नेमले. तेथे निर्णय बहुमताने. म्हणजे दोन अधिकारी मुख्यमंत्र्याला हरवू शकतात, आणि अंतिम अधिकार पुन्हा नायब राज्यपालाचाच. दिल्लीत तेव्हा कोणत्या पक्षाचे सरकार होते, हा मुद्दा गौण आहे. सरकारे बदलतात, कलमे राहतात.

केंद्र बळकट असावे, ही राष्ट्रवादी विचाराची जुनी भूमिका आहे. दीनदयाळ उपाध्याय तर संघराज्याऐवजी एकात्म शासनाचे पुरस्कर्ते होते. पण त्याच विचारात सत्ता जनपदांपर्यंत पोहोचविण्याचा आग्रह होता, हे सोयीस्करपणे विसरले जाते. सीमावर्ती प्रदेश थेट केंद्राने चालवावा असे वाटत असेल, तर विधानसभा देऊ नये आणि यशापयशाचे धनीही केंद्रानेच व्हावे. विधानसभा दिली, तर शाळा, दवाखाना, पाणी यांचा कारभार पाहणारा अधिकारी मंत्र्याला जबाबदार असला पाहिजे. दोन्हींच्या मधली वाट भांडणाची आहे. त्या भांडणात रस्त्यावरचा खड्डा कोणी बुजवायचा, हे नागरिकाला कळत नाही.

जम्मू-काश्मीरला २०१९ मध्ये याच घडीचा कायदा लागू झाला. पोलीस व सुव्यवस्था तेथेही विधानसभेच्या कक्षेबाहेर ठेवली गेली. दहशतवादाने पोळलेल्या त्या भूमीत त्याला सबळ कारण होते. २०२४ च्या निवडणुकीत लोकांनी मतदान केले, मंत्रिमंडळ आले. राज्याचा दर्जा परत देण्याचे आश्वासन केंद्राने सर्वोच्च न्यायालयात दिले होते आणि ११ डिसेंबर २०२३ च्या निकालपत्रात त्याची नोंद आहे. तारीख मात्र त्या आश्वासनात नव्हती.