आईची मजुरी हिशेबात धरा

आपला देश शेतीप्रधान आहे असे आपण पुस्तकात वाचतो. पण शेतात राबणाऱ्या आईला मजुरी किती मिळते, हे कुणी विचारत नाही. मला वाटते, ते विचारले पाहिजे.

आमच्या सफाळ्याकडे पावसाळ्यात भात पिकतो. भात निघाला की लोक वाल, वांगी, मुळा, मेथी करतात. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, त्यामुळे सोय झाली. पुष्कळ बाया पहाटेच्या गाडीने बोरिवली, अंधेरीला भाजी विकायला जातात.

मी वहीत आमच्या घरचा एका खेपेचा हिशेब मांडला. मेथीच्या ६० जुड्या, जुडी १५ रुपये, म्हणजे ९०० रुपये आले. बी, खत, औषध २५०, टेम्पो ८०, गाडीभाडे आणि चहा ४०. खर्च ३७०. उरले ५३०. बाबा म्हणाले, "चला, नफा झाला!"

पण मेथी उपटली कोणी? जुड्या बांधल्या कोणी? आजी आणि बाबा आदल्या दिवशी अर्धा-अर्धा दिवस राबले. आई पहाटे तीनला उठली, ती दुपारी दोनला घरी आली. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने आईचे ३१२, आजीचे १५६, बाबांचे १५६ मिळून ६२४ होतात. म्हणजे नफा कसला, ९४ रुपये तोटाच झाला!

आई म्हणते, "घरचं काम, त्याची कसली मजुरी?" मला हे पटत नाही. तेच काम दुसऱ्याच्या शेतात केले तर पैसे मिळतात. मग आपल्या शेतात ते फुकट कसे?

भाताला सरकार हमीभाव ठरवते. २०२५-२६ साली साध्या भाताला तो क्विंटलला २३६९ रुपये होता. मेथीला असा भाव नाही. गिऱ्हाइकांनी जुडीमागे २ रुपये कमी केले तर ६० जुड्यांचे १२० रुपये जातात. खतवाला काही कमी घेत नाही. ते पैसे आईच्या मजुरीतूनच जातात.

बाईंनी सांगितले की शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी बायांचे मोठे अधिवेशन भरवले होते. पुढे शरद जोशींच्या सांगण्यावरून पुष्कळ शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. जमीन नावावर होते, तर हिशेबात एक रकाना का होऊ नये?

मित्रमैत्रिणींनो, आपल्याला बेरीज-वजाबाकी येते. घरचा हिशेब आपण लिहू या. पालकांनो, त्यात आईची मजुरी धरा. तोटा दिसला तरी लिहा. तोटा कळला तरच कोणते पीक घ्यावे आणि काय भावाने विकावे ते ठरवता येईल.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी