पाच स्टार नकोत, खरा अभिप्राय हवा

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज वारंवार फिरतो : समाजबांधवाने दुकान टाकले आहे, लिंकवर जाऊन सर्वांनी पाच स्टार द्या, जयभीम. भावना चांगली आहे. पण अशाने त्या बांधवाचे नुकसानच होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी मूळ प्रश्न समजून घेऊ. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आल्यावर बाबासाहेबांनी शेअर व्यवहारांबाबत सल्ला देणारी कंपनी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर ग्राहक येईनासे झाले आणि ती बंद पडली. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाच्या सल्ल्यात खोट नव्हती. ग्राहकांनी सल्ला नव्हे, जात तपासली.

आज राज्यघटनेचे कलम १५(२) आपल्याला कोणत्याही दुकानात शिरण्याचा हक्क देते. पण आपल्या दुकानात लोकांनी यावे, अशी सक्ती कोणताही कायदा करत नाही. छोटा धंदा तोंडी शिफारशीवर चालतो आणि शिफारस बहुतेक वेळा नात्यागोत्यात, म्हणजेच जातीत फिरते. "आमच्या पाहुण्यांचंच दुकान आहे, तिकडे जा." आपला वायरमन, आपली खानावळ, आपल्या ताईचे पार्लर या वर्तुळाबाहेर राहते.

गुगल मॅपवरचा अभिप्राय हे वर्तुळ थोडे तरी तोडतो. अनोळखी माणूस जवळचा वायरमन शोधतो, तेव्हा त्याला आडनावाबरोबर कामाचा पुरावाही दिसतो. म्हणून अभिप्राय मागायला लाजू नका. तो मागणे म्हणजे हात पसरणे नव्हे. आपण केलेल्या कामाची ती नोंद आहे.

मागायचा कसा? काम संपल्यावर लगेच आणि प्रत्येक गिऱ्हाइकाकडे. गल्ल्याजवळ क्यूआर कोड लावा. "काय काम केले, वेळेत झाले का, ते दोन ओळींत लिहा," एवढेच सांगा. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देऊ नका. फक्त खूश गिऱ्हाइकांनाच निवडून विचारू नका. गुगलच्या नियमांत दोन्हींना मनाई आहे. तक्रार आली तर शांतपणे उत्तर द्या आणि चूक असेल तर सुधारा. कोणी जातीवरून शिवीगाळ लिहिली, तर स्क्रीनशॉट जपून ठेवा, रिपोर्ट करा आणि वकिलाचा सल्ला घ्या.

आता त्या मेसेजकडे. दुकानाची पायरीही न चढलेल्या पन्नास जणांनी एका रात्रीत पाच स्टार दिले, तर वाचणाऱ्याला काय कळते? कामाबद्दल काहीच नाही. उलट संशय येतो. असे अभिप्राय गुगल काढूनही टाकू शकते आणि त्यात खऱ्या गिऱ्हाइकांचे शब्दही संशयात सापडतात. ज्याची गुणवत्ता जातीमुळे आधीच नाकारली जाते, त्याच्या नावावर आपणच खोटेपणाचा शिक्का का मारायचा?

अभिप्रायांनी जातिव्यवस्था संपणार नाही, हे मलाही कळते. पण समाजबांधवाला खरीच साथ द्यायची असेल, तर आधी त्याचे गिऱ्हाईक व्हा. "आपलाच माणूस आहेस, कमी कर" असे न म्हणता पूर्ण पैसे द्या. काम आवडले तर नेमके काय आवडले ते लिहा. आवडले नाही तर तेही त्याला सांगा, म्हणजे पुढचे गिऱ्हाईक तुटणार नाही.

जयभीम!