पॅलक्सीच्या पात्रातला 'माणूस'

टेक्सासमधील ग्लेन रोझ गावाजवळ, पॅलक्सी नदीच्या चुनखडीत डायनासोरांच्या पावलांशेजारी माणसाचीही पावले उमटली आहेत, हा दावा कितीदा खोडून काढला तरी पुन्हा डोके वर काढतो. तो खडक सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचा. आधुनिक मानवाचे वय जेमतेम तीन लाख वर्षे. पण दावेदारांना त्या खडकात माणूस हवाच आहे. प्रत्यक्ष तिथे काय उमटले आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

त्यांतले काही ठसे तर चक्क छिन्नीने घडवलेले. १९३०च्या दशकातील मंदीत तेथील काही लोक डायनासोरांचे ठसे खणून विकत. गिऱ्हाईक मिळते असे दिसताच राक्षसी मानवी पावलेही कोरली गेली. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीसाठी जीवाश्म गोळा करणारा रोलँड बर्ड १९३८ साली असलेच दगड पाहून ग्लेन रोझला पोहोचला. बनावट मालाने त्याला खऱ्या खजिन्यापर्यंत नेले, हा दैवाचा विनोदच!

उरले नदीपात्रातले लांबट ठसे. तीन बोटांचे मांसाहारी डायनासोर एरवी चवड्यावर चालत, पण मऊ चिखलात कधीकधी टाचेपर्यंतचा भाग टेकवीत. बोटांच्या खाचा गाळाने बुजल्या, की मागे उरतो तो 'मानवी' आकार. बुजलेल्या बोटांचा निराळा रंग १९८०च्या दशकात स्पष्ट झाला आणि १९८६ साली काही प्रमुख प्रचारकांनी माघार घेतली. प्रचार मात्र चालूच आहे.

या कोलाहलात खऱ्या ठशांकडे कोण पाहणार? हाडे मेलेल्या प्राण्याची असतात, पाऊल जिवंत प्राण्याचे. डावी-उजवी पावले अरुंद पट्ट्यात पडतात. म्हणजे पाय मगरीसारखे फाकलेले नव्हते, धडाखाली उभे होते. शेपटी फरफटल्याची रेघ क्वचितच सापडते, आणि संग्रहालये मात्र कित्येक वर्षे शेपटी जमिनीवर लोळवीत होती! पावलाच्या लांबीच्या साधारण चौपट कमरेची उंची धरून, तिची एकाच पायाच्या लागोपाठच्या दोन ठशांतील अंतराशी सांगड घातली, की चालीचा वेग काढता येतो. १९७६ साली मॅकनील अलेक्झांडर यांनी ते सूत्र मांडले.

मोह बर्डलाही झाला. महाकाय शाकाहारी सॉरोपॉडच्या मागावर मांसाहारी डायनासोरची पावले पाहून त्याने त्यात पाठलाग वाचला. दुसरा प्राणी मागून गेला, हे खरे. मिनिटांनी गेला की तासांनी, हे चिखल सांगत नाही. परंतु बर्डने तो पट्टा कापून, तुकडे जुळवण्याजोगे जपून न्यूयॉर्कला नेला. संग्रहालयात तो आजही मांडलेला आहे. ज्याला बर्डचा तर्क पटत नाही, त्याने जाऊन पावले मोजावीत.