यांच्या जेवणाचे काय?

आमच्या आईला युद्धातले काही कळत नाही, असा आमच्या घरात एक समज होता. दिवाळीत मी आणि चिरंजीव मिळून किल्ला करतो. तटावर मावळे उभे राहिले की आई हळूच बालेकिल्ल्यापाशी चार चुरमुरे टाकते. "बिचारे उपाशी नकोत," म्हणते. आम्ही हसतो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत चिरंजीवांनी मला संगणकावरच्या युद्धखेळांची दीक्षा दिली. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. माझी लढाई फार तर ऱ्हस्व-दीर्घाशी. पण गुरू घरचाच असल्याने माघार घेता येईना. त्याने तीन खेळ पुढे ठेवले. तिन्हींत युद्ध एकच, दुसऱ्या महायुद्धातले जर्मनी आणि रशियाचे. फरक आपल्याला कुठे बसवतात, एवढाच.

'हार्ट्स ऑफ आयर्न'चा चौथा अवतार २०१६ सालचा, स्वीडनमधला. त्यात आपण साऱ्या देशाचे सूत्रधार. १९३६ पासून कारखाने उभारा, रणगाडे घडवा, सैन्ये नकाशावर सरकवा. 'युनिटी ऑफ कमांड' २०११ चा, क्रोएशियातला. त्यात आपण सेनापती. स्टालिनग्राडची मोहीम बुद्धिबळासारखी पाळीपाळीने लढायची. 'कंपनी ऑफ हीरोज'चा दुसरा भाग २०१३ चा, कॅनडातला. त्यात थेट रणांगणावर उतरायचे : मूठभर शिपाई, पडकी घरे आणि हिमवादळ.

एकदा मी 'युनिटी ऑफ कमांड'मध्ये जर्मनांच्या बाजूने रंगात आलो होतो. एक तुकडी वेढ्यात सापडली. तिला सोडवण्यात दोन पाळ्या गेल्या असत्या, म्हणून मी तिच्यावर पाणी सोडले आणि डाव जिंकला. चिरंजीवांनी टाळी दिली. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. चष्मा सावरून तिने पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "यांच्या जेवणाचं काय रे?"

गुरू-शिष्य दोघेही गप्प!

मग शोध घेणे आले. कॅनडाच्या खेळात जागा काबीज केली की दारूगोळा मिळतो, इंधन मिळते. शेकोटीपाशी नेले नाहीत, तर शिपाई गारठून मरतात. भुकेने मात्र नाही. स्वीडनच्या खेळात रेल्वे आहे, मालमोटारी आहेत, रसद तुटली की सैन्य झिजतेही; पण सारे जग हाकताना त्या आकड्याकडे लक्ष जातेच असे नाही. क्रोएशियाच्या खेळात मात्र आईचा प्रश्न मध्यभागी आहे. रुळांपासून रसद पसरते. ती वाट शत्रूने तोडली, की तुकडी पाळीगणिक दुबळी होत जाते.

इतिहासात हेच घडले. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी जर्मनांचे सहावे सैन्य स्टालिनग्राडपाशी वेढले गेले. विमानांनी रसद पुरवू, असे गोअरिंगने हिटलरला सांगितले. दिवसाला निदान ३०० टन हवे होते. सरासरीने त्याच्या निम्मेही पोचले नाहीत. सैनिकांनी घोडे खाल्ले. २ फेब्रुवारी १९४३ ला उरलेसुरले शरण आले. सुमारे ९१,००० कैद झाले. त्यांतले पाच-सहा हजारच पुढे मायदेशी परतले. चढाई जर्मनांचीच होती, हे खरे. पण भुकेला बाजू नसते. पानिपताची आठवण असणाऱ्याला हे काय सांगावे?

मी हे वाचून दाखवले तेव्हा चिरंजीवांनी विचारले, "बाबा, आपण सोडून दिलेली ती तुकडी म्हणजे किती माणसं?"

"काही हजार."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पुन्हा मांडू या?"

मांडला. त्या तुकडीला सोडवायला गेलो आणि डाव हरलो. कोणता खेळ सर्वांत चांगला, असे मला कोणी विचारले, तर मी या हरलेल्या डावाकडे बोट दाखवीन.

परवा किल्ल्याची माती कालवताना चिरंजीवांनी बुरुज राहू दिले आणि आधी एक बुटके, लांबट घर केले.

"हे काय?" मी विचारले.

"अंबारखाना," तो म्हणाला, आणि चुरमुऱ्यांसाठी आजीला हाक मारू लागला.