ग्लासातली एल खरी, लेबलावरचा इतिहास खोटा

#थ्रेड

१/ ब्रिटनमधील पब-साखळ्यांच्या बिअर-महोत्सवात चोखंदळ ग्राहक पूर्ण पिंट मागवत नाही. तो एक-तृतीयांश पिंटचे, म्हणजे सुमारे १९० मिलिलिटरचे तीन ग्लास मागवतो आणि फिक्या एलपासून कडवट एलपर्यंत क्रमाने चाखत जातो. दूरदूरच्या ब्रुअरींमधून महोत्सवापुरत्या आलेल्या या 'गेस्ट एल', अर्थात पाहुण्या एल. सोबतच्या लेबलावर रंग, गंध, चव आणि दोन ओळींचा इतिहास असतो. प्रस्तुत थ्रेड त्या दोन ओळींविरुद्ध आहे.

२/ पहिली ओळ बहुधा अशी असते: "हिंदुस्थानच्या प्रवासात बिअर नासत असे, म्हणून जॉर्ज हॉजसन याने मुद्दाम अधिक तीव्र, अधिक हॉप्सयुक्त बिअर शोधून काढली. तीच इंडिया पेल एल." दुसरी ओळ: "पाहुणी एल म्हणजे इंग्रजी पबची शतकानुशतकांची परंपरा." माझे प्रतिपादन असे की, दोन्ही ओळी खोट्या आहेत आणि त्यांचा खोटेपणा एकाच जातीचा आहे.

३/ प्रथम हॉजसन. 'बिअर नासत असे' हे गृहीतकच टिकत नाही. अठराव्या शतकात काळसर रंगाची पोर्टर हिंदुस्थानात सुखरूप पोहोचत होती. पुढेही सैनिकांसाठी प्रामुख्याने पोर्टरच येत राहिली. पेल एल हे अधिकाऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे पेय होते. १७८० च्या दशकातील कलकत्त्याच्या जाहिरातींत दोन्ही पेये आढळतात. जी अडचण नव्हतीच, तिच्यावरील उपायाचा शोध कोण लावणार?

४/ उष्ण प्रदेशात पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स वाढवावेत, हे ज्ञान इंग्रज मद्यनिर्मात्यांमध्ये १७६० च्या दशकात रूढ होते. ते हॉजसनचे गुपित नव्हते. ही एल त्या काळाच्या मानाने विशेष तीव्रही नव्हती. आजच्या मापाने ती साधारण सहा-साडेसहा टक्क्यांची होती आणि इंग्लंडमध्ये मुरवत ठेवल्या जाणाऱ्या कित्येक बिअर तिच्याहून जहाल होत्या.

५/ मग हॉजसन यशस्वी कसा झाला? उत्तर नकाशात आणि खातेवहीत आहे. त्याची ब्रुअरी लंडनच्या पूर्वेस बो येथे होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जिथे नांगरत ते ब्लॅकवॉल तिथून अगदी जवळ. कंपनीच्या कप्तानांना जहाजावर खासगी व्यापारासाठी जागा मिळे. हिंदुस्थानकडे जाताना जहाजांत माल कमी असल्याने वाहतूक स्वस्त पडे. हॉजसन या कप्तानांना बारा ते अठरा महिन्यांच्या उधारीवर पिंपे देई. प्रतिभेपेक्षा उधारी कामी आली.

६/ प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. चार ते सहा महिन्यांच्या प्रवासात, दोनदा विषुववृत्त ओलांडताना, पिंपातील ही एल मुरत असे आणि तिची चव सुधारत असे. दंतकथेत सत्याचा एवढा अंश निश्चित आहे. परंतु तो प्रवासाचा परिणाम होता. त्याला शोधाचा हेतू मानणे ही इतिहासलेखनातील जुनी चूक आहे.

७/ पुढील पिढीतील हॉजसनांना लोभ सुटला. १८२० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी उधारी आखडली आणि कप्तानांना वगळून हिंदुस्थानातील विक्री स्वतःच्या हाती घेऊ पाहिली. कंपनीचे संचालक कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यांनी बर्टन येथील सॅम्युएल ऑलसॉप यांना या व्यापारात उतरण्यास सुचवले. रशियाच्या आयातकरामुळे ऑलसॉप यांची तिकडील बाजारपेठ नुकतीच बुडाली होती. बर्टनच्या जिप्समयुक्त पाण्यात हॉप्सची कडवट चव अधिक खुलली. बास ही कंपनीही मागोमाग आली आणि हॉजसन मागे पडले.

८/ आणि नाव? 'ईस्ट इंडिया पेल एल' हा शब्दप्रयोग छापील स्वरूपात आढळतो तो १८२९ साली, सिडनीच्या वृत्तपत्रातील जाहिरातीत. हॉजसनांचा हिंदुस्थानशी व्यापार त्याच्या कितीतरी आधी रुळला होता. नाव जाहिरातीने रूढ केले आणि त्या नावाला शोभेल अशी जन्मकथा मागाहून रचली गेली.

९/ आता दुसरी ओळ. विसाव्या शतकात इंग्लंडमधील बहुसंख्य पब मद्यनिर्मात्यांच्या मालकीचे आणि म्हणून त्यांना बांधील होते. मालक पाठवील तीच बिअर विकायची. १९६० च्या दशकात बड्या कंपन्यांनी पिंपात जिवंत राहणाऱ्या एलऐवजी गाळलेली, पाश्चराइज केलेली, वायूच्या दाबाने ओतली जाणारी केग बिअर पुढे रेटली. वॉटनी कंपनीची 'रेड बॅरल' हे तिचे कुप्रसिद्ध उदाहरण. या व्यवस्थेत पाहुणीला दार उघडणार कोण?

१०/ दार उघडले ते ग्राहकांच्या चळवळीमुळे आणि कायद्यामुळे. १९७१ साली चार तरुणांनी 'कॅमरा' ही ग्राहक-संघटना स्थापन केली. आज परंपरेचा शिक्का म्हणून मिरवणारी 'रिअल एल' ही संज्ञा या चळवळीनेच लोकांच्या तोंडी रुजवली. पुढे मक्तेदारी आयोगाने सहा बड्या कंपन्यांवर ठपका ठेवला आणि १९८९ चे 'बिअर ऑर्डर्स' आले. बड्या मद्यनिर्मात्यांच्या बांधील पबचालकांना, पिंपात मुरणारी एक एल अन्य ब्रुअरीकडून घेण्याचा हक्क १९९० पासून मिळाला. 'गेस्ट बिअर' हा असा कायदेशीर हक्क होता. तो शतकांचा वारसा नव्हे.

११/ या कायद्याचा उपरोधही नोंदवावा. दोन हजारांहून अधिक पब असलेल्या कंपन्यांना जादा पबांवरील पकड सैल करावी लागली. अनेकांनी पब विकले आणि त्यांतून प्रचंड पब-कंपन्या उभ्या राहिल्या. २००२ साली छोट्या ब्रुअरींना अबकारी करात सवलत मिळाली, त्यांची संख्या वाढली आणि २००३ साली बिअर ऑर्डर्स रद्दही झाले. महोत्सवातील पंपांची लांबलचक रांग या सर्व घडामोडींचे फलित आहे.

१२/ "मजेशीर गोष्ट आहे, राहू द्या ना!" हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. पुण्या-मुंबईतील मायक्रोब्रुअरींत हीच कथा वर 'आपल्या देशाचे नाव!' या अभिमानाने सांगितली जाते. परंतु या कथेतला हिंदुस्थान म्हणजे तहानलेल्या गोऱ्या साहेबाचा व्हरांडा. इथली माणसे काय पीत होती, हा प्रश्न तिच्यात उद्भवतच नाही.

१३/ तो प्रश्न विचारला की मुंबई इलाख्याचा १८७८ चा अबकारी कायदा समोर येतो. त्या व्यवस्थेत ताडीच्या झाडांवर कर बसला आणि मोहाची घरगुती दारू गाळणे गुन्हा ठरले. साहेबाचे पिंप सन्मानाने बंदरात उतरले. ठाणे-कुलाब्यातील आदिवासीचे मडके फोडले गेले. लेबलावरची गोड गोष्ट या दुसऱ्या गोष्टीची जागा अडवून बसते. म्हणून ती निरुपद्रवी नाही.

१४/ मित्रहो, एल अवश्य चाखावी. न चाखणाऱ्यानेही लेबल अवश्य वाचावे. वाचताना तीन प्रश्न विचारावेत. हे नाव प्रथम कुठे आणि केव्हा छापले गेले? उधारी कोणी दिली? कोणत्या कायद्याने हे पेय या पंपापर्यंत आणले? आपल्या पाहण्यात असे लेबल आले असल्यास त्याचे छायाचित्र खाली जोडावे. एकेक ओळ तपासून पाहू.

#मराठी #इतिहास