लॅपटॉप स्लो आहे म्हणून प्रोसेसर बदलताय? थोडं थांबा!



"सर, जुना लॅपटॉप आहे, नवीन घ्यायला बजेट नाही. आय३ काढून आय७ टाकू का?" धंदा सुरू करणारी मंडळी हे मला हमखास विचारतात. माझं स्पष्ट मत सांगतो. बहुतेकांनी या भानगडीत पडू नये.

आधी बघा, तुमचं काम काय? टॅलीची बिलं, एक्सेल, जीएसटी पोर्टल, व्हॉट्सॲप वेब. एवढ्या कामाने प्रोसेसर दमत नाही. खात्री करायची असेल तर लॅपटॉप रखडतो त्याच वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा आणि टास्क मॅनेजरमधलं परफॉर्मन्स उघडा. डिस्क १०० टक्के आणि सीपीयू २०-३० वरच असेल, तर प्रोसेसर नुसता हार्ड डिस्कची वाट बघत बसलाय. चाक चिखलात रुतलंय आणि तुम्ही नवा बैल आणायला निघालात!

अशा वेळी पैसे एसएसडीवर घाला. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. फॅनमधली धूळ काढून थर्मल पेस्ट बदलून घ्या, कारण तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. आणखी एक हिशोब आहे, जो मला धंद्याच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा वाटतो. उद्या हा लॅपटॉप गेला तरी एसएसडी काढून यूएसबी केसमध्ये बसवता येते, बॅकअपला कामी येते. जुन्या सॉकेटच्या प्रोसेसरला मात्र दुसरीकडे घर मिळत नाही. तुमचं भांडवल तिथे अडकलं.

शिवाय प्रोसेसर बदलता येतो का, हाच मोठा प्रश्न. आय५-४२००यू असं नाव असेल, म्हणजे शेवटी 'यू', तर तो मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो. विषय संपला. इंटेलच्या पाचव्या पिढीपासून जवळजवळ सगळे लॅपटॉप असेच. थिंकपॅड टी४३० सारख्या तिसऱ्या पिढीच्या मशीनमध्ये सॉकेट आहे, तिथे दोन कोरचा आय५ काढून चार कोरचा आय७-३६३२क्यूएम बसतो. पण चौथ्या पिढीचा चिप त्यात बसणार नाही, सॉकेटच वेगळं.

मग कुणी करावं? जो व्हिडिओ एडिटिंग करतो, ज्याच्याकडे एसएसडी आणि पुरेशी रॅम आधीच आहे आणि एक्स्पोर्ट करताना ज्याचा सीपीयू १०० वर जाऊन बसतो, त्याने खुशाल करावं. त्याला फरक दिसेल. फक्त एक लक्षात ठेवा, विंडोज ११ ला इंटेलची अधिकृत मान्यता साधारण आठव्या पिढीपासून पुढे आहे, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तिसऱ्या पिढीचा आय७ टाकला तरी ही अडचण तशीच राहते. (लिनक्स चालेल हो, पण टॅलीचं काय?)

तरीही करायचंच ठरलं, तर लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर गावातल्या मेकॅनिककडे, पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. माझ्या मॉडेलचा बायोस हा प्रोसेसर ओळखतो का? कूलिंग आणि चार्जर त्याला पुरतील का? आणि लॅपटॉप सुरू झाला नाही तर जुना प्रोसेसर परत बसवून देणार का, आणि त्याची मजुरी कोण भरणार? उत्तरं बिलावर लिहून घ्या.