कळ दाबणारे हात, कारण जाणणारी बुद्धी

पीकविम्याची मुदत संपत आली की परभणी जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी एक दृश्य हमखास दिसते. सातबारा, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून धरलेले शेतकरी सकाळपासून सेवा केंद्राच्या दारात उभे असतात. आत संगणकासमोर बसलेला तरुण पडद्याकडे टक लावून असतो आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने बाहेर येऊन एकच वाक्य उच्चारतो, ‘‘काका, सर्व्हर डाऊन आहे.’’ काका निमूटपणे ओट्यावर टेकतात. दिवसाची मजुरी बुडते, काहींची मुदतही बुडते.

ते वाक्य कधी खरे असते. पुष्कळदा मात्र शेकडो कोस दूर असलेला तो सर्व्हर ठणठणीत असतो. केंद्रातील राऊटरने संगणकाला पत्ताच दिलेला नसतो. किंवा संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी व्यवस्था अडलेली असते. किंवा रस्त्याच्या खोदकामात केबल तुटलेली असते. रोग निरनिराळे, पण सर्वांचे नाव एकच. आणि रोगाचे निदान चुकले की उपचार दैवावर सोपवावा लागतो.

त्या तरुणाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. तो कामचुकार नाही. कोणती कळ दाबली असता काय होते, हे त्याला शिकविले गेले. तसे का होते, हे कोणी शिकविलेच नाही. संगणकसाक्षर झालेल्या एका संपूर्ण पिढीची हीच कथा आहे. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्या-तालुक्यांत संगणकाची भीती घालविली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु भीती जाणे ही ज्ञानाची पहिली पायरी असते, शिखर नव्हे. दुर्दैवाने समाजाने त्या पायरीवरच प्रमाणपत्र भिंतीला टांगून विश्रांती घेतली.

पाथरीची शिकवण

वास्तविक हा भेद परभणीच्या भूमीला नवा नाही. भारतीय ज्योतिषशास्त्रात ग्रंथांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. ‘करण’ ग्रंथ पंचांगकर्त्याला तयार रीती देतो. हा अंक घ्यावा, त्याला अमुक संख्येने गुणावे, तमुक संख्येने भागावे, ग्रहाचे स्थान हाती येते. ‘सिद्धांत’ ग्रंथ त्या रीतीमागील उपपत्ती सांगतो. दोन्ही आवश्यक आहेत. पण केवळ करणावर विसंबणाऱ्याचे गणित आकाशाशी जुळेनासे झाले की त्याच्यापाशी उपाय उरत नाही. चूक दुरुस्त करण्याचे सामर्थ्य सिद्धांत जाणणाऱ्याकडेच असते.

इ. स. १५०३च्या सुमारास ‘सिद्धांतसुंदर’ हा ग्रंथ सिद्ध करणारे ज्ञानराज गोदावरीतीरीच्या पार्थपूरचे. हे पार्थपूर म्हणजे आजची पाथरी, असे अभ्यासक मानतात. भास्कराचार्यांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ ११५०चा. त्यानंतर साडेतीन शतकांनी, निजामशाही आणि इतर सल्तनतींच्या धामधुमीच्या काळात, पाथरीतील एका पंडिताला खगोलाचा विचार पुन्हा मुळापासून मांडावासा वाटला. त्यांचे पुत्र सूर्यपंडित यांनी ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ या भास्कराचार्यांच्या ग्रंथांवर टीका लिहिल्या. सरळ वाचले असता रामाचे आणि उलट वाचले असता कृष्णाचे वर्णन करणारे ‘रामकृष्णविलोमकाव्य’ही त्यांचेच.

या पूर्वसूरींना इंटरनेट ठाऊक होते, असे म्हणण्याने त्यांचा गौरव होत नाही. उलट हसे होते. त्यांचा खरा गौरव त्यांची वृत्ती उचलण्यात आहे. रीत मिळाली तरी कारण कळल्यावाचून न थांबणारी ती वृत्ती आजच्या परभणीत, आजच्या विद्येच्या बाबतीत किती जिवंत आहे, हा खरा प्रश्न आहे.

चार प्रश्नांची विद्या

संगणकांच्या जाळ्याचे शास्त्र अगाध आहे, ते आयआयटीतच शिकावे, असा एक समज रूढ आहे. तो निराधार आहे. या शास्त्राचा पाया चार साध्या प्रश्नांवर उभा आहे. पत्ता कोणता? नाव कोणाचे? वाट कुठली? आणि पोचले की नाही?

जाळ्यातील प्रत्येक यंत्राला अंकांचा एक पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. घरातील किंवा कार्यालयातील राऊटर हे पत्ते वाटतो आणि त्या सेवेचे नाव डीएचसीपी. माणसाला अंक लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे आली. नावावरून पत्ता सांगणारी सेवा म्हणजे डीएनएस. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी ती रचली. पाठवायचा मजकूर सलग जात नाही. साधारण १५०० बाइटपर्यंतच्या लहान पुडक्यांत तो विभागला जातो आणि प्रत्येक पुडके आपापल्या वाटेने जाते. परभणीहून सिकंदराबादला निघालेला प्रवासी पूर्णा-नांदेड-निजामाबाद मार्गाने जाऊ शकतो, तसाच गंगाखेड-परळी-विकाराबाद मार्गानेही. एक मार्ग बंद पडला तर दुसरा असतो. पुडक्यांचेही तसेच. प्रत्येक स्थानकावरचा राऊटर पुढची दिशा तेवढी सांगतो.

राहिली पोच. रजिस्टर टपालाची पोचपावती ज्यांना आठवते, त्यांना टीसीपी समजण्यास क्षणही लागू नये. प्रत्येक पुडके पोचल्याची पावती परत येते; न आली तर ते पुडके पुन्हा पाठविले जाते. बोलणे सुरू करण्यापूर्वी दोन्ही यंत्रे तीन निरोपांत एकमेकांची खात्री करून घेतात. फोनवर ‘‘ऐकू येतंय का?’’, ‘‘हो, तुम्हाला?’’, ‘‘येतंय, बोला’’ असे म्हणावे तसे. सूर्यपंडितांच्या काव्याप्रमाणे येथेही जाण्याच्या वाटेइतकीच परतीची वाट नेमकी असावी लागते.

आता सेवा केंद्रातील तरुणाकडे परत यावे. त्याने संगणकाचा पत्ता तपासला आणि तो १६९.२५४ अशा अंकांनी सुरू होत असेल, तर राऊटरने पत्ता दिलेलाच नाही, दोष खोलीतच आहे. पत्ता ठीक असेल तर ‘पिंग’ ही आज्ञा देऊन राऊटरला हाक मारावी. राऊटर उत्तर देतो पण बाहेरचा अंकी पत्ता देत नाही, तर बहुधा बाहेरची जोडणी तुटली आहे. अंकी पत्ता उत्तर देतो पण नावाने हाक मारली असता ओळख पटत नाही, तर दोष डीएनएसचा. हे सर्व ठीक असूनही संकेतस्थळ उघडत नसेल, तेव्हाच ‘सर्व्हर डाऊन’ म्हणण्याचा अधिकार प्राप्त होतो. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. त्या पाच मिनिटांवर ओट्यावर बसलेल्या चाळीस माणसांचा दिवस अवलंबून असतो.

ज्यांना हा विषय केवळ तांत्रिक वाटतो, त्यांनी २४ फेब्रुवारी २००८ हा दिवस आठवावा. पाकिस्तानच्या दूरसंचार कंपनीने आपल्या देशात यूट्यूब बंद करण्यासाठी एक खोटी वाट जाहीर केली. ती चुकून सीमेपलीकडे पसरली, आणि जगभरचे राऊटर त्या वाटेवर विश्वास ठेवून बसले. सुमारे दोन तास जगातील मोठ्या भागाला यूट्यूब दिसेनासे झाले. मोठमोठी जाळी एकमेकांना वाटा सांगतात तो बीजीपी नावाचा नियम मूलतः शेजाऱ्याच्या शब्दावर चालतो, हे त्या दिवशी जगाला कळले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हाही सर्व्हर जिवंतच होते. देखभालीच्या एका चुकीच्या आज्ञेने त्यांच्याकडे जाण्याच्या वाटा पुसल्या गेल्या होत्या. म्हणजे ज्या गफलतीने केंद्रातील काका अडतात, त्याच जातीच्या गफलतीने महासत्तांच्या कंपन्याही अडतात.

स्वदेशीचा खरा अर्थ

हे नियम परकीय आहेत, मग त्यांचे कौतुक कशाला, असा प्रश्न एखादा स्वाभिमानी मनुष्य विचारील. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून १९६९ साली अर्पानेट सुरू झाले, व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली टीसीपीची मांडणी केली, १ जानेवारी १९८३ रोजी सारे अर्पानेट टीसीपी-आयपीवर आले, हा इतिहास खरा आहे. परंतु त्याच इतिहासात एक भारतीय नावही आहे. एका यंत्रावरील धारिका दुसऱ्या यंत्रावर नेण्याचा एफटीपी हा नियम १९७१च्या एप्रिलमध्ये ज्यांनी पहिल्यांदा लिहिला, ते अभय भूषण कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी होते. हे सर्व नियम आरएफसी नावाच्या खुल्या दस्तऐवजांत आहेत. ते कोणीही फुकट वाचू शकतो आणि योग्यता असेल तर नवा मसुदाही मांडू शकतो. वाचणाऱ्याचे गाव वॉशिंग्टन आहे की सोनपेठ, असे तेथे कोणी विचारीत नाही.

तथापि, दार खुले आहे म्हणून घर सर्वांचे झाले, असे होत नाही. डीएनएसच्या मुळाशी असलेल्या तेरा मूळ सर्व्हरांचा कारभार बारा संस्था पाहतात. त्यांपैकी नऊ अमेरिकेतील आहेत. उरलेल्या तीन स्वीडन, नेदरलँड्स आणि जपानमधील. या सर्व्हरांच्या प्रतिकृती भारतातही आहेत, पण त्या बारांत भारतीय संस्था एकही नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध घातल्यानंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीची ई-मेलसह सेवा थांबविली. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, त्यानंतर सेवा पूर्ववत झाली. निर्णय ब्रुसेल्सचा, कळ अमेरिकी कंपनीच्या हाती आणि टपाल थांबले ते भारतातील कार्यालयाचे!

अशा घटनेनंतर समाजमाध्यमांवर बहिष्काराच्या घोषणा उठतात आणि आठवड्यात विरतात. संतापाने स्वावलंबन येत नसते. ई-मेल ही कोणा एका कंपनीची मालमत्ता नव्हे. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एसएमटीपी या खुल्या नियमावर ती चालते. तो नियम जाणणारी माणसे गाठीशी असलेली संस्था स्वतःचे टपालघर स्वतः उभारू शकते. ज्यांच्याकडे अशी माणसे नाहीत, त्यांनी एका परकीय कंपनीला सोडले तरी त्यांना दुसरी शोधावी लागते. स्वदेशी म्हणजे केवळ वस्तूवरील शिक्का बदलणे नव्हे; वस्तू घडविण्याचे आणि बिघडल्यास दुरुस्त करण्याचे ज्ञान स्वतःच्या हाती असणे होय.

मराठीतून, गावातून

या विद्येच्या आड भाषा येते असे सांगितले जाते. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीत ‘.भारत’ ही नावे देण्यास प्रारंभ झाला. आजही पडद्यामागे ती नावे रोमन सांकेतिक रूपात बदलून मगच डीएनएसमधून धावतात, ही वस्तुस्थिती आहे. पण संकल्पनांना असे रूपांतर लागत नाही. पत्ता, नाव, वाट आणि पोच हे शब्द सेलूच्या नववीतील मुलीला समजावून सांगावे लागत नाहीत. राऊटर, केबल, सर्व्हर हे शब्द मराठीने पचविलेच आहेत. ते तसेच राहोत. उपपत्ती मात्र मातृभाषेतून गेली तरच बुद्धीत मुरते.

साधनेही दुर्मीळ नाहीत. मोडीत निघालेले दोन-तीन संगणक, एक स्वस्त स्विच, काही मीटर केबल आणि फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली एवढ्या सामग्रीवर प्रयोगशाळा उभी राहते. केबलमधील आठ तारा रंगांच्या क्रमाने लावून टोक स्वतः बसविणे, दोन संगणकांना हाताने पत्ते देणे, वायरशार्क या मुक्त प्रणालीतून ते तीन निरोप प्रत्यक्ष जाताना पाहणे, एवढे दहा शनिवारांत साधते. परभणीचे औद्योगिक प्रशिक्षण केंद्र, जिल्ह्यातील वरिष्ठ महाविद्यालये, १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आणि गावोगावची वाचनालये यांनी मनावर घेतले तर प्रत्येक तालुक्याला असा एक वर्ग चालू शकेल. जागा एखाद्या मंदिराच्या सभामंडपातही मिळेल. पूर्वीच्या पाठशाळा तेथेच भरत असत.

‘‘शिकून नोकरी कुठे?’’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूंनी जोडण्याची योजना २०११ साली मंजूर झाली, पुढे तिचे नाव भारतनेट झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित आवृत्तीसाठी केंद्राने सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर केले. तार गावात येईल, पेटी भिंतीवर बसेल. पण दिवा लाल झाला की तो हिरवा करणारा माणूस गावात नसेल तर तो खर्च शोभेचा ठरेल. शाळा, दवाखाना, पतसंस्था, बाजार समिती यांपैकी कोणाचेही काम आता जाळ्यावाचून चालत नाही. प्रत्येक तालुक्याला अशा जाणत्या हातांची गरज आहे, आणि ते काम पुण्याला न जाता होणारे आहे.

पाच शतकांपूर्वी गोदातीरी एका पंडिताने आकाशाकडे पाहून ‘असे का?’ असा प्रश्न विचारला आणि उत्तर लिहून ठेवले. त्याच जिल्ह्यातील सेवा केंद्रात पुढच्या हंगामात पडदा पुन्हा थबकेल. तेव्हा तेथील तरुण दाराशी येऊन ‘‘सर्व्हर डाऊन आहे’’ म्हणेल, की ‘‘काका, पाच मिनिटं थांबा, बिघाड इथलाच आहे, काढतो’’ म्हणेल, यावरून पाथरीचा वारसा कोणाकडे आला ते ठरेल. ते दुसरे वाक्य ऐकू यावे यासाठीच्या दहा शनिवारांचा आरंभ, ज्यांच्यापाशी थोडी विद्या आणि एक जुना संगणक आहे, त्यांनी येत्या शनिवारीच करावा.